पायसाइड ६ : मराठी मेनू असलेल्या सॉफ्टवेअरचा मेनूबार नीट कसा बांधावा?

तळटीप

ग्रंथालयाच्या देवघेवीचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर पायसाइड ६ मध्ये (खिडक्या, मेनू, बटणं बनवणारा क्यूटी हा संच पायथॉनमधून वापरायचं साधन) बांधायचं काम चालू आहे. मेनू पाच: फाइल, संपादन, दृश्य, नोंदी, मदत. आज्ञा साधारण चाळीस. भाषा मराठी, पण चालू सॉफ्टवेअरमध्येच इंग्रजीवर जाता आलं पाहिजे. बहुतेक यंत्रं विंडोजची आहेत, काही उबुंटूची, एक मॅक. अडलेल्या गोष्टी अशा:

१. 'नोंद वगळा'चा शॉर्टकट कधी चालतो, कधी नाही. मेनू उघडून बंद केला की चालायला लागतो.
२. 'अलीकडच्या फाइली'मधली कुठलीही फाइल निवडली तरी उघडत काहीच नाही. फंक्शनपर्यंत फाइलच्या पत्त्याऐवजी 'फॉल्स' पोचतं.
३. मराठी शब्दांना ऑल्टची अधोरेखित अक्षरं कशी द्यायची?
४. मॅकवर इंग्रजीत 'सेटिंग्ज' ॲपच्या नावाच्या मेनूत जातं. मराठीत मात्र तीच ओळ, म्हणजे 'मांडणी ठरवा', 'संपादन'मध्येच राहते.

सध्या प्रत्येक मेनू एका वेगळ्या फंक्शनमध्ये तयार होतो आणि टूलबारची बटणं त्याहून वेगळी बनतात. मांडणीच चुकते आहे का?

---

कळफलक

हो, मूळ मांडणीतच आहे. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही तिथेच मिळेल, म्हणून आधी मांडणीबद्दल लिहितो.

मेनू हे आज्ञा दिसण्याचं एक ठिकाण आहे. आज्ञा म्हणजे क्यूॲक्शन. नाव, चिन्ह, शॉर्टकट, चालू-बंद स्थिती, टिकमार्क, स्टेटसबारवरची ओळ हे सगळं त्या ॲक्शनचं असतं. तीच एक ॲक्शन मेनूत, टूलबारवर आणि उजव्या क्लिकच्या मेनूत जोडायची. मग 'वगळा' एकदा बंद केलं की तिन्ही ठिकाणी राखाडी होतं. टूलबारसाठी वेगळं बटण बनवलंत की स्थिती दोन जागी सांभाळावी लागते, आणि कधी ना कधी त्या दोन जागा एकमेकींशी जुळेनाशा होतात.

क्रम असा ठेवा. मुख्य खिडकीच्या वर्गात आधी सगळ्या ॲक्शन बनवणारं एक फंक्शन, मग मेनू जुळवणारं, मग टूलबार जुळवणारं, आणि शेवटी सिग्नल (काही घडलं की क्यूटी देते तो इशारा) जोडणारं. मेनू जुळवणाऱ्या फंक्शनमध्ये ॲड-मेनू, ॲड-ॲक्शन आणि ॲड-सेपरेटर एवढंच असावं. मेनूबार स्वतः बनवू नका. क्यूमेनविंडोचं मेनूबार हे फंक्शन बोलावलं की मेनूबार नसेल तर तेच बनवून देतं.

बारीक पण महत्त्वाच्या चार गोष्टी:

क्यूटी ५ मध्ये क्यूॲक्शन हा वर्ग क्यूटीविजेट्समध्ये होता, क्यूटी ६ मध्ये तो क्यूटीजीयूआयमध्ये आहे. जुन्या लेखांतली उदाहरणं इंपोर्टच्या ओळीवरच अडतात ती यामुळे.

ॲक्शन बनवताना पालक म्हणून खिडकी द्या. तयार ॲक्शन मेनूत जोडली म्हणून मेनू तिचा मालक होत नाही. विशेषतः पायक्यूटीमध्ये (पायसाइडसारखंच दुसरं साधन) पालक नसलेली आणि कुठल्याच व्हेरिएबलमध्ये न धरलेली ॲक्शन पायथॉन झाडून टाकतो आणि मेनूतली ओळ गायब होते.

शॉर्टकट ॲड-ॲक्शनच्या कंसात देऊ नका. क्यूटी ६.३ पासून तिथला क्रम बदलला आहे: आधी शॉर्टकट, मग फंक्शन. सेट-शॉर्टकट वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे कुठल्याही आवृत्तीत अर्थ तोच राहील.

नेहमीच्या आज्ञांना तयार प्रमाण-किल्ल्या वापरा. 'पुन्हा करा' विंडोजवर कंट्रोल+वाय असतं, मॅकवर कमांड+शिफ्ट+झेड. प्रमाण-किल्ली दिली की हे आपोआप जुळतं. अपवाद 'बाहेर पडा'चा: विंडोजसाठी क्यूटीकडे तिची प्रमाण-किल्लीच नाही, त्यामुळे तिथे काही दिसलं नाही तर ती चूक समजू नका. कंट्रोल+क्यू हवंच असेल तर स्वतः द्या.

---

पाणंद

पहिल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. मेनू उघडला की शॉर्टकट चालतो याचा अर्थ 'वगळा'ची स्थिती तुम्ही अबाउट-टू-शो या सिग्नलवर ठरवता आहात. तो सिग्नल मेनू दिसण्याआधी येतो. शॉर्टकट दाबल्यावर मेनू उघडतच नाही, म्हणून सिग्नलही येत नाही. ॲक्शन मागच्या वेळच्या राखाडी स्थितीतच असते आणि बंद ॲक्शनचा शॉर्टकट क्यूटी चालवत नाही.

स्थिती जिथे बदलते तिथलाच सिग्नल पकडा. यादीतली निवड बदलली तर सिलेक्शन-मॉडेलचा (निवड सांभाळणाऱ्या वस्तूचा) सिलेक्शन-चेंज्ड, क्लिपबोर्ड बदलला तर डेटा-चेंज्ड, 'पूर्ववत करा'साठी क्यूअनडूस्टॅकचा कॅन-अनडू-चेंज्ड. हे सगळे 'स्थिती ताजी कर' अशा एकाच फंक्शनला जोडा आणि त्यात प्रत्येक ॲक्शनसाठी एक ओळ लिहा. चाळीस आज्ञांना हे पुरतं.

इथे एक खाच आहे. टेबलाला सेट-मॉडेल केलं, म्हणजे डेटा पुरवणारं मॉडेल जोडलं, की क्यूटी त्याचं सिलेक्शन-मॉडेल नवं बनवते. आधी केलेली जोडणी जुन्यालाच चिकटून राहते. निवड बदलते पण सिग्नल येत नाही, आणि 'वगळा' कायमचं राखाडी राहतं. जोडणी नेहमी सेट-मॉडेलनंतर करा. मॉडेल पुन्हा बदललंत तर जोडणीही पुन्हा करा.

---

उंबरठा

पाणंद, बहुतेक पटलं. पण काही स्थिती महाग असतात. 'सर्व्हरवरच्या नोंदींशी जुळवा' चालू ठेवायचं की नाही हे दर क्लिकला तपासणं परवडत नाही. तिथे अबाउट-टू-शो वापरावाच लागतो.

---

पाणंद

वापरा, पण मग अबाउट-टू-हाइडवर ती ॲक्शन पुन्हा चालू करून ठेवा. मेनू मिटलेला असताना ती नेहमी चालू असेल, शॉर्टकट पोचेल आणि खरी तपासणी स्लॉटमध्ये (सिग्नलला जोडलेल्या फंक्शनमध्ये) होईल. जमत नसेल तर स्टेटसबारवर कारण दाखवा. राखाडी ओळीपेक्षा वापरणाऱ्याला ते जास्त कळतं. 'चिकटवा'साठीही मी हेच सुचवेन.

---

कळफलक

शॉर्टकट न चालण्याची आणखी तीन कारणं, कारण बाहेरून ही सगळी सारखीच दिसतात.

एक, तोच शॉर्टकट दोन ॲक्शनना दिलेला असणं. क्यूटी दोन्हीपैकी एकही चालवत नाही. फक्त कन्सोलवर 'ॲम्बिग्युअस शॉर्टकट ओव्हरलोड' अशी ओळ येते. कन्सोल न दिसणाऱ्या बांधणीत हे कळतच नाही.

दोन, 'दृश्य'मध्ये मेनूबार लपवायची सोय असणं. खिडकीतला मेनूबार लपला की फक्त मेनूतच जोडलेल्या ॲक्शनचे शॉर्टकट मरतात. उपाय: सगळ्या ॲक्शन मेनूखेरीज खिडकीलाही ॲड-ॲक्शनने जोडा. दिसण्यात फरक पडत नाही. याचाच भाऊबंद म्हणजे अख्खा उपमेनू बंद करणं. तसं केलं तर, फक्त त्या उपमेनूत असलेल्या ॲक्शन स्वतः चालू असल्या तरी त्यांचे शॉर्टकट बंद पडतात.

तीन, फोकस. कर्सर मजकुराच्या चौकटीत असताना कंट्रोल+सी आधी त्या चौकटीला मिळतं, तुमच्या ॲक्शनला नाही. ते बरोबरच आहे. पण 'संपादन' मेनूतून 'नक्कल करा' निवडलं तर तुमची ॲक्शन चालते आणि तिने टेबलातली नोंद उचलली, चौकटीतला मजकूर नाही, तर वापरणारा गोंधळतो. त्या स्लॉटमध्ये आधी फोकस-विजेट पाहा. ती मजकुराची चौकट असेल तर तिचंच कॉपी चालवा.

---

बोरू

दुसरा प्रश्न. लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहिताना पत्ता डीफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून दिला असणार. तो सल्ला एरवी बरोबर आहे. न दिल्यास लूप संपल्यावर सगळ्या ओळी शेवटचीच फाइल उघडतात. पण ट्रिगर्ड हा सिग्नल सोबत एक बूलियन पाठवतो: टिकमार्क आहे की नाही. लॅम्डाचं पहिलं आर्ग्युमेंट तुमचा पत्ता असेल तर हे 'फॉल्स' त्याच्या जागी बसतं. पहिलं आर्ग्युमेंट त्या बूलियनसाठी सोडा, पत्ता दुसरा घ्या.

लॅम्डा टाळलात तर आणखी चांगलं. प्रत्येक ॲक्शनला सेट-डेटाने पत्ता द्या आणि त्या उपमेनूचा स्वतःचा ट्रिगर्ड सिग्नल एकदाच जोडा. तो निवडलेली ॲक्शनच हाती देतो, तिच्याकडून डेटा काढून घ्या.

अलीकडच्या फाइलींच्या यादीत याखेरीज सांभाळायचं ते असं:

नऊच ओळी ठेवा आणि त्यांना & सह १ ते ९ अंक द्या, म्हणजे मेनू उघडा असताना अंक दाबून फाइल उघडता येते. इथे देवनागरीऐवजी इंग्रजी अंक (1 ते 9) वापरलेले बरे.

फाइलच्या नावात & असेल तर त्याचे && करा. 'कथा & कादंबरी' नावाच्या फाइलीतला & एरवी नाहीसा होतो आणि पुढचं अक्षर अधोरेखित होतं.

लांब पत्ता मधून छाटा. क्यूफॉन्टमेट्रिक्सचं इलायडेड-टेक्स्ट मधून छाटायला सांगितलं की दोन्ही टोकं राखतं. पूर्ण पत्ता टूलटिपमध्ये द्या, पण मेनूतल्या टूलटिप मुळात बंद असतात. त्या मेनूवर सेट-टूलटिप्स-व्हिजिबल चालू करावं लागतं.

फाइल अस्तित्वात आहे का हे मेनू उघडताना तपासू नका. त्यातली एखादी बंद पडलेल्या नेटवर्क-ड्राइव्हवर असली तर मेनू कित्येक सेकंद अडकतो. निवडल्यावर तपासा. सापडली नाही तर यादीतून काढायची का, हे विचारा.

आणि दर वेळी क्लिअर करून नव्याने भरणार असाल तर यादी सपाट ठेवा. क्लिअर मेनूच्या मालकीच्या ॲक्शन पुसतं, पण आत उपमेनू असतील तर ते पुसत नाही. ते नजरेआड साठत राहतात. त्यांना वेगळं डिलीट-लेटर सांगावं लागतं.

---

अनुस्वार

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण मराठी सॉफ्टवेअरमध्ये ही बाजू बहुतेक वेळा तशीच राहते आणि त्याचा त्रास माऊस न वापरणाऱ्यांना होतो.

'&फाइल' लिहिलं की क्यूटी ऑल्ट+फ अशी किल्ली बनवते. आता हे दाबायचं कसं? इंग्रजी मांडणी चालू असेल तर फ उमटतच नाही. इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरीची प्रमाण कळफलक-मांडणी) फ हे शिफ्ट+एचवर आहे, म्हणजे ऑल्ट+शिफ्ट+एच दाबायचं. आणि अनेक विंडोज यंत्रांवर डावं ऑल्ट+शिफ्ट हीच कळफलकाची भाषा बदलायची किल्ली असते. ध्वनिलिपीवर टंकणाऱ्यांची तर आणखीच वेगळी गत.

चिनी, जपानी आणि कोरियन सॉफ्टवेअरमध्ये यावर जुना तोडगा आहे, तोच मराठीला लावा. शब्द आपल्या लिपीत लिहायचा आणि शेवटी कंसात & सह एकच रोमन अक्षर द्यायचं. 'फाइल'पुढे कंसात एफ, 'संपादन'पुढे ई, 'दृश्य'पुढे व्ही, 'मदत'पुढे एच. ही अक्षरं इंग्रजी मेनूचीच ठेवा, म्हणजे भाषा बदलली तरी बोटांची सवय मोडत नाही. मॅकवर अशी अधोरेखित अक्षरं नसतात. तिथे क्यूटी & तर काढतेच, हा कंसही काढून टाकते, त्यामुळे वेगळी सोय करावी लागत नाही.

देवनागरी अक्षरावरच & द्यायचा हट्ट असेल तर निदान जोडाक्षराच्या आत देऊ नका. 'प्रत'मध्ये हलन्त प् आणि र यांच्या मधे & पडला की 'प्र' तुटू शकतं. मात्रा आणि तिचं व्यंजन यांच्या मधेही नको. भाषांतर करणाऱ्यांना हे आधीच लिहून द्यावं लागतं.

एकाच मेनूत दोन ओळींना एकच अक्षर दिलं तर क्यूटी कुठलीच चालवत नाही, दर दाबाला निवड एकीवरून दुसरीवर सरकते. चुकून 'वगळा' चालण्यापेक्षा ते बरं, पण अक्षरं वेगळी असलेलीच उत्तम.

शॉर्टकट देताना कंट्रोल+ऑल्टच्या जोड्या टाळा. विंडोजवर कंट्रोल+ऑल्ट म्हणजेच ऑल्टजीआर (उजवं ऑल्ट). आपल्याकडच्या मांडण्यांत ₹ हे ऑल्टजीआर+४ वर आहे. कंट्रोल+ऑल्ट+४ तुम्ही 'दंड भरा'ला दिलंत तर रकमेच्या चौकटीत रुपयाचं चिन्ह उमटवताना भलतंच घडू शकतं.

उंचीचंही पाहा. मेनूच्या ओळीला स्टाइलशीटमधून ठरावीक पिक्सेल उंची दिली की रफार आणि उकार कापले जातात. 'वर्गीकरण', 'मूळ प्रत' हे शब्द घालून पाहा, लगेच दिसेल. उंची देऊ नका, वर-खाली पॅडिंग द्या.

---

उंबरठा

मुख्य मेनूची नावं 'फाइल', 'मदत' अशी नामं आणि आतल्या ओळी 'जतन करा', 'छापा…' अशा क्रियापदांत, हा नियम पाळलात तर वाचायला सोपं जातं. तीन टिंबं फक्त तिथेच द्या जिथे आज्ञा पुरी होण्याआधी आणखी काही विचारलं जाणार आहे. 'छापा…' बरोबर, 'सॉफ्टवेअरविषयी' ला टिंबं नकोत, कारण तिथे खिडकी उघडणं हेच काम आहे.

---

बोरू

चौथा प्रश्न, मॅक. प्रत्येक ॲक्शनला मेनू-रोल (मॅकवर ती ओळ कुठल्या मेनूत जाईल हे ठरवणारी खूण) असतो आणि तो मुळात 'मजकुरावरून ओळख' असा असतो. ओळीच्या सुरुवातीला अबाउट, सेटिंग, ऑप्शन्स, प्रेफरन्स, कॉन्फिग, सेटअप, क्विट, एक्झिट असं काही दिसलं की क्यूटी ती ओळ ॲपच्या मेनूत हलवते. 'मांडणी ठरवा' हे तिला ओळखू येत नाही, म्हणून ते जागचं हलत नाही.

'सॉफ्टवेअरविषयी'ला अबाउट-रोल, 'मांडणी ठरवा'ला प्रेफरन्सेस-रोल, 'बाहेर पडा'ला क्विट-रोल द्या. आणि उरलेल्या सगळ्यांना नो-रोल. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. इंग्रजी चालू असताना 'सेटअप प्रिंटर' अशी ओळ 'फाइल'मधून निघून ॲपच्या मेनूत जाऊन बसते आणि वापरणारा ती शोधत राहतो.

दोन अटी आहेत. रोल पहिली खिडकी दिसण्याआधी द्यायचा. आणि ॲक्शन थेट मुख्य मेनूत हवी. उपमेनूतली ॲक्शन रोल देऊनही हलत नाही.

पायथॉनमधून थेट चालवलं की मॅकवर ॲपच्या मेनूचं नाव 'पायथॉन' दिसतं. ते नाव बंडलमधल्या (मॅकच्या ॲप-पॅकेजमधल्या) इन्फो-पीलिस्ट या फाइलीतून येतं. बंडल बनवल्यावर जुळेल, कोडमध्ये शोधत बसू नका.

---

तळटीप

सर्वांचे मनापासून आभार. सिलेक्शन-मॉडेलचा सिग्नल सेट-मॉडेलच्या आधीच जोडलेला निघाला. दोन प्रश्न आणखी. चालू सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलली की मेनूची नावं बदलतात, पण 'पूर्ववत करा'ची ओळ 'पूर्ववत करा नोंद वगळणे' अशी उलटी दिसते. आणि टेबलावर उजवा क्लिक केला की मेनू क्लिकच्या जागेपासून थोडा वर उघडतो.

---

अनुस्वार

क्रिएट-अनडू-ॲक्शनला तुम्ही 'पूर्ववत करा' हा उपसर्ग दिला आहे. उपसर्ग नावाप्रमाणे पुढेच लागतो आणि मराठीत क्रियापद शेवटी हवं. उपसर्ग देऊच नका. मग क्यूटी तिचा 'अनडू %१' हा साचा वापरते आणि त्याचं भाषांतर करता येतं. तुमच्या भाषांतराच्या फाइलीत क्यूअनडूस्टॅक या संदर्भाखाली तो साचा घ्या आणि '%१ मागे घ्या' असं लिहा. 'नोंद वगळणे मागे घ्या' नीट वाचता येतं. 'रीडू'लाही तसंच. साच्यातला १ मात्र मूळ मजकुरात आहे तसा इंग्रजीच (1) राहू द्या, देवनागरी १ तिथे चालत नाही.

बाकीच्या ॲक्शनची नावं बनवताना एकदा आणि भाषा बदलल्यावर एकदा अशी दोन ठिकाणी लिहू नका. नावं लावणारं एकच फंक्शन ठेवा. सुरुवातीला ते बोलवा आणि चेंज-इव्हेंटमध्ये लँग्वेज-चेंज आला की पुन्हा तेच बोलवा. नाव तुकड्यांनी जोडणंही टाळा. 'नवी' आणि 'सभासद' वेगळे ठेवून जोडले की 'नवी सभासद' तयार होतं. पूर्ण वाक्प्रयोगच भाषांतराला द्या.

---

पाणंद

उजव्या क्लिकचं कारण सरळ आहे. टेबल आणि याद्या यांच्या कस्टम-कॉन्टेक्स्ट-मेनू-रिक्वेस्टेडमध्ये येणारी जागा आतल्या व्ह्यूपोर्टच्या (शीर्षक सोडून नोंदी दिसतात त्या भागाच्या) हिशेबाने असते. तुम्ही ती टेबलाच्याच मॅप-टू-ग्लोबलला देता आहात, त्यामुळे शीर्षकाच्या ओळीएवढा फरक पडतो. टेबलाच्या व्ह्यूपोर्टचं मॅप-टू-ग्लोबल वापरा.

मेनू एक्झेकने उघडत असाल तर तो मिटेपर्यंत त्याच्या आत वेगळं इव्हेंट-लूप फिरत असतं. तेवढ्यात मागे टायमरने यादी ताजी केली तर आधी धरलेला इंडेक्स (नोंदीची टेबलातली जागा) भलत्याच नोंदीवर जातो, आणि 'वगळा' त्या नोंदीवर चालतं. इंडेक्स क्यूपर्सिस्टंट-मॉडेल-इंडेक्समध्ये धरा आणि वगळण्याआधी तो वैध आहे का पाहा. ग्रंथालयाच्या नोंदींच्या बाबतीत ही ओळ गाळू नका.

---

उंबरठा

टिकमार्कच्या आज्ञांबद्दल कोणी लिहिलं नाही. ट्रिगर्ड फक्त आज्ञा निवडली गेली की येतो, टॉगल्ड कोडमधून सेट-चेक्ड केलं तरी येतो. 'दृश्य'मध्ये 'टूलबार दाखवा' असेल तर स्वतः काही लिहू नका, क्यूटूलबारकडे टॉगल-व्ह्यू-ॲक्शन तयार असते, तीच मेनूत जोडा. 'यादी / तपशील / चित्रं' यांतलं एकच निवडायचं असेल तर तिन्ही ॲक्शन क्यूॲक्शनग्रुपमध्ये घाला.

---

कळफलक

शेवटी तपासणी. चाळीस आज्ञा आणि दोन भाषा डोळ्यांनी तपासता येत नाहीत, पण तीसेक ओळींच्या चाचणीत तपासता येतात. खिडकी बनवा, फाइंड-चिल्ड्रनने सगळ्या क्यूॲक्शन गोळा करा. प्रत्येकीचे शॉर्टकट एका डिक्शनरीत घाला, तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर चाचणी नापास. मग प्रत्येक मेनूत फिरून & च्या पुढचं अक्षर काढा: ते रोमन अक्षर किंवा अंक आहे का, आणि त्या मेनूत एकदाच आहे का. && आधी बाजूला काढायला विसरू नका. रोल 'मजकुरावरून ओळख' असाच राहिलेली ॲक्शन सापडली तरी नापास. ॲड-मेनूने मेनूची स्वतःची ॲक्शनही बनते आणि उपसर्ग न देता बनवलेल्या अनडू-रीडूच्या दोन असतात, त्यांनाही नो-रोल द्या, नाहीतर त्याच चाचणी अडवतील. हे सगळं एकदा मराठीत, मग भाषा बदलून इंग्रजीत चालवा.

हाताने तपासायचं एवढंच उरतं: विंडोज आणि उबुंटू दोन्हीकडे इनस्क्रिप्ट चालू ठेवून कंट्रोल+एस, ऑल्ट+एफ आणि एफ१० दाबून पाहा. लिनक्सवर क्यूटी मांडण्यांच्या यादीतल्या लॅटिन मांडणीवरून किल्ली शोधते, म्हणून उबुंटूवर यादीत इंग्रजी मांडणीही असू द्या.